शॉवरचे पाणी नेमके अडते कुठे?

- प्रतिनिधी

‘‘काका, भिंतीतली लाइन गेली. टाइल्स फोडाव्या लागतील.’’

शॉवर एकदा सुरू करून आणि नळावर पान्याने दोनदा टकटक करून प्लंबरने दिलेला हा निकाल जुन्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. शॉवरमधून धार येण्याऐवजी चार-दोन केविलवाण्या रेघा ओघळतात, खालच्या नळाने बादली भरेपर्यंत अंगावरचा साबण वाळतो आणि घरातील प्रत्येक जण आपापल्या परीने कारण सांगू लागतो. कोणी गच्चीवरच्या टाकीला दोष देते, कोणी महापालिकेला, तर कोणी वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाला. प्लंबर भिंतीला दोष देतो, आणि या सर्वांत भिंतीचा दोष सर्वात महाग पडतो.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी, विलेपार्ल्यातील सत्तरच्या दशकात बांधलेल्या चार मजली इमारतीत, हा प्रसंग गेल्या हिवाळ्यात ओढवला. १९९८ मध्ये बाथरूमचे नूतनीकरण झाले, तेव्हा थंड आणि गरम पाणी एकत्र करणारा मिक्सर भिंतीवर बसविण्यात आला होता. खाली बादलीचा नळ, वर शॉवर आणि मध्ये पाणी इकडून तिकडे वळविणारी मूठ, अशी ती परिचित रचना. त्या वेळच्या निळ्या टाइल्स आता कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. म्हणजे चार टाइल्स फोडायच्या तर चारही भिंती नव्या करणे आले. प्लंबरचा अंदाज चाळीस हजारांचा, आठवडाभर आंघोळ शेजाऱ्यांकडे, आणि खालच्या मजल्यावर गळती होणार नाही याची हमी कोणाचीच नाही. वडिलांचे वय पंचाहत्तर. वाकून बादलीतून तांब्या घेणे त्यांना जमत नाही, त्यामुळे शॉवर ही त्यांच्या बाबतीत चैन राहिलेली नाही. होकार देण्याच्या बेतात असतानाच वसाहतीत पूर्वी नळांची कामे करणारे, आता निवृत्त झालेले आणि सर्वांकडून ‘मामा’ म्हणवून घेणारे एक गृहस्थ भेटले. ते एवढेच म्हणाले, ‘‘भिंतीला नंतर दोष द्या. आधी मिक्सर उतरवून बघा.’’

पुढील मजकूर त्या सल्ल्याचा विस्तार आहे.

बादली आणि घड्याळ

‘पाणी कमी येते’ ही तक्रार मोजल्याखेरीज उपयोगाची नाही. बादलीवर दहा लिटरची खूण करावी आणि ती भरण्यास किती सेकंद लागतात ते पाहावे. दहा लिटर एका मिनिटात भरले तर प्रवाह मिनिटाला दहा लिटर, इतके हे सोपे गणित आहे. मात्र मोजणी एकदाच करून भागत नाही. बादलीचा नळ, शॉवर आणि शेजारचे वॉश-बेसिन यांची, आणि प्रत्येक ठिकाणी थंड व गरम पाण्याची वेगवेगळी मोजणी करावी. बेसिनखाली बादली मावत नाही, तेथे एक लिटरचा मग चालतो.

आमच्या घरची आकडेवारी पुढीलप्रमाणे निघाली. बादलीचा नळ, थंड पाणी : दहा लिटरला ५५ सेकंद. त्याच नळाला गरम पाणी : चार मिनिटे. शॉवर, केवळ थंड पाणी : अडीच मिनिटे. बेसिन, गरम पाणी : एक लिटरला सात सेकंद. हे चार आकडे कागदावर मांडले की निम्मे निदान तेथेच होते. बेसिनला गरम पाणी व्यवस्थित येते, म्हणजे गीझर आणि त्याच्यापर्यंतची लाइन निर्दोष आहे. थंड पाणी बादलीच्या नळाला जोरात येते पण शॉवरला येत नाही, म्हणजे थंड पाण्याची भिंतीतील लाइनही निर्दोष ठरते. उरते ते गरम पाण्याचे मिक्सरजवळचे टोक आणि मिक्सरपासून शॉवरपर्यंतचा मार्ग. दोष एक नसून दोन होते आणि त्यांचा परस्परांशी संबंध नव्हता. चाळीस हजारांचा अंदाज देणाऱ्याने यातील काहीही मोजलेले नव्हते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. पाणी हळूहळू कमी झाले की एका दिवसात? वर्षानुवर्षे कमी होत गेले असेल तर क्षार किंवा गंज साचत आहे. टाकी धुतल्यानंतर अथवा पाणीकपातीनंतर दुसऱ्याच दिवशी कमी झाले असेल, तर कुठे तरी कचरा येऊन अडकला आहे, किंवा गच्चीवरचा व्हॉल्व्ह कोणी तरी अर्धवटच उघडला आहे. टाकी पूर्ण रिकामी होऊन भरली असेल तर नळीत हवाही अडकते. अशा वेळी नळ गुरगुरतो आणि पाणी थांबून थांबून येते. सर्वात खालच्या पातळीचा नळ काही वेळ पूर्ण उघडा ठेवल्यास ही हवा बहुधा निघून जाते.

मजल्यानुसार दाब

गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो भरतो. शॉवर जमिनीपासून दोन मीटरवर, मजल्याची उंची तीन मीटर आणि टाकीतील पाणी गच्चीपासून दीड मीटर वर धरले, तर सर्वात वरच्या मजल्यावरील शॉवरला जेमतेम अडीच मीटरचा, म्हणजे पाव किलोचा दाब मिळतो. आम्ही एक मजला खाली असल्याने आम्हाला अर्ध्या किलोहून थोडा अधिक दाब मिळतो, आणि तळमजल्याला सुमारे दीड किलो. परदेशी बनावटीचे किंवा ‘रेन शॉवर’ म्हणून विकले जाणारे ताटाएवढे शॉवर बऱ्याचदा एक किलो किंवा त्याहून अधिक दाब गृहीत धरून केलेले असतात. वरच्या मजल्यावरील ग्राहकाने असा शॉवर घेऊन पाणी येत नाही म्हणून प्लंबरला बोलावणे व्यर्थ आहे. त्या घरी साधा, मोठ्या छिद्रांचा, जुन्या पद्धतीचा शॉवरच अधिक पाणी देतो.

पांढरा थर, तांबडा थर

शॉवरच्या छिद्रांभोवती पांढरट खडूसारखा थर दिसतो की नळीतून तांबूस कण पडतात, याकडे नीट पाहावे. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे मूळ पाण्याच्या स्रोतात आहे.

पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सोप्या भाषेत चुनखडी. शाळेच्या पुस्तकात ज्याला ‘दुष्फेन पाणी’ म्हणत, त्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापले की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट मागे उरते. म्हणून अशा घरांत प्रथम गरम पाण्याची बाजू चोंदते. थंड पाणी जोरात आणि गरम बारीक, हे त्याचे ठळक लक्षण आहे. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा स्वीकारार्ह मानला जातो आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या वसाहतींत दर काही महिन्यांनी शॉवर का बुजतो, याचे उत्तर पुष्कळदा येथेच मिळते.

मुंबईला मिळणारे तानसा, वैतरणा, भातसा आदी धरणांचे पाणी पावसाचे आणि तुलनेने मृदू आहे. पुण्याच्या जुन्या भागाला मिळणारे खडकवासला साखळीतील पाणीही त्याच सह्याद्रीतील. तेथील जुन्या इमारतींचा आजार म्हणूनच बहुधा तांबडा असतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, म्हणजे जीआय पाइपचा मुलामा काही दशकांत झिजतो, आतील लोखंड गंजते आणि गंजाचे गाठीसारखे उंचवटे तयार होतात. टाकी धुताना किंवा पाणी बंद-सुरू होताना त्यांचे पापुद्रे सुटतात आणि पहिल्या अरुंद जागी जाऊन बसतात. ती अरुंद जागा सहसा मिक्सरच्या तोंडाशीच असते.

शॉवर, मूठ आणि नळाचे पोट

कामाला सुरुवात सर्वात सोप्या ठिकाणापासून करावी. शॉवरची चकती हाताने अथवा कापड गुंडाळलेल्या पान्याने फिरवून उतरवावी आणि उघड्या नळीतून पाणी सोडून पाहावे. नळीतून जोरदार धार आली तर दोष केवळ चकतीचा. पांढरा थर असेल तर चकती रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी किंवा लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिड, विरघळवून त्यात तास-दोन तास ठेवावी. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. चुनखडी विरघळत असल्याची ती खूण आहे. नंतर जुन्या टूथब्रशने घासून, राहिलेली छिद्रे सुईने मोकळी करावीत. रबरी टोकांची छिद्रे असतील तर सुई न वापरता अंगठ्याने चोळावीत. सोनेरी वा काळ्या मुलाम्याचा शॉवर मात्र इतका वेळ आम्लात ठेवू नये.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. हे काम बादलीत करावे, लादीवर नव्हे. संगमरवर हे रासायनिकदृष्ट्या त्या पांढऱ्या थराचेच भावंड आहे आणि जुन्या मोझेक लादीत संगमरवराचे तुकडे असतात, त्यामुळे व्हिनेगर त्यांनाही खाते. दुसरे म्हणजे, घाई म्हणून शौचालय धुण्याचे तीव्र अॅसिड नळावर ओतू नये. क्रोमचा मुलामा उडतो आणि आतील पितळ खराब होते. कोणतेही आम्ल ब्लीचिंगच्या द्रावात मिसळणे तर सर्वस्वी वर्ज्य, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो. लहान, बंद बाथरूममध्ये ही चूक जिवावर बेतू शकते.

तांबड्या कणांवर व्हिनेगरचा फारसा उपयोग होत नाही. ते काढून, झटकून, उलट्या दिशेने पाणी सोडूनच घालवावे लागतात. बादलीच्या किंवा बेसिनच्या नळाच्या टोकाला जी बारीक जाळी असते (दुकानदार तिला ‘फोमफ्लो’ म्हणतात) तीही याच वेळी काढून धुवावी.

चकती स्वच्छ असूनही शॉवर मंद असेल तर पाणी वळविणाऱ्या मुठीकडे वळावे. शॉवर चालू असताना खालच्या नळातून पाणी गळते का, हे पाहणे ही साधी कसोटी आहे. गळत असेल तर मार्ग चोंदलेला नाही, पाणी चोरवाटेने निघून जात आहे. मुठीच्या आतील दांड्यावर एक-दोन रबरी कड्या असतात. त्या झिजल्या किंवा तुटल्या की शॉवरच्या वाट्याचे पाणी बादलीत जाते. आमच्याकडचा एक दोष हाच निघाला. कडी नेमक्या मापाची हवी, म्हणून जुनी कडी सोबत नेऊनच नवी घ्यावी. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि लोहार चाळ, पुण्यात बोहरी आळी या भागांत असे सुटे भाग अद्याप मिळतात. कडी बसविताना तेल किंवा पेट्रोलियम जेली लावण्याची सवय सोडावी. त्याने रबर फुगते. नळासाठी वेगळे सिलिकॉन ग्रीस मिळते.

जुन्या, अनेक फेरे फिरवाव्या लागणाऱ्या नळांचा एक खास विकार आहे. त्यांच्या पोटातील वायसर सुट्या तुकड्यावर बसविलेला असतो आणि पाण्याच्या दाबाने उचलला जातो. वायसर फुगला किंवा खाली चिकटून बसला की मूठ कितीही फिरवा, नळ उघडत नाही. नवा वायसर काही रुपयांत येतो. ‘नळच बदला’ हा सल्ला त्यापूर्वी ऐकू नये.

बाथटबचा प्रश्न आपल्याकडे मोजक्या घरांपुरता आहे, पण त्या घरांत तो गंभीर असतो. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानालगतच्या ज्या आर्ट डेको इमारतींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्या धाटणीच्या काही घरांत बिडाचे, एनॅमल चढविलेले टब आजही आहेत. इंग्रजी पद्धतीचा टबचा नळ सहसा पाऊण इंची असतो, कारण टब लवकर भरणे अपेक्षित असते. मधल्या काळात कोणी तरी दुरुस्तीत अर्धा इंची तुकडा जोडून ठेवलेला असेल, तर नळ कितीही साफ केला तरी पाणी वाढत नाही. समाधानाची बाब अशी, की आपल्या नळजोडांचे आटे मूळ ब्रिटिश मापावरच बेतलेले असल्याने त्या काळच्या नळाला आजचा जोड बहुधा बसतो. (टबमध्ये दीडशे लिटर पाणी सहज मावते आणि शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला १३५ लिटरचा आहे, हे जाता जाता.)

भिंतीची परीक्षा

आता मामांचा सल्ला. गीझर काही तास आधी बंद करून पाणी निवू द्यावे. बाथरूमचा मुख्य कॉक अथवा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि मोरीच्या जाळीवर फडके टाकावे, म्हणजे सुटलेला वायसर गटारात जाणार नाही. मिक्सर भिंतीतून येणाऱ्या दोन वाकड्या तुकड्यांवर, ज्यांना प्लंबर ‘लेग’ म्हणतात, दोन मोठ्या नटांनी बसविलेला असतो. नटांना कापड गुंडाळून ते ढिले करावे आणि मिक्सर उचलून बाजूला ठेवावा. मग एकाने बादली धरावी आणि दुसऱ्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा. भिंतीतून थेट येणारे पाणी भरपूर असेल तर भिंत निर्दोष आहे. बारीक असेल तरच पुढचा विचार करावा.

आमच्याकडे थंड बाजूने धो धो पाणी आले. गरम बाजूने सुरुवातीला करंगळीएवढी धार. लेगच्या तोंडात वाकवलेली तार घालून मामांनी गंजाचे तीन पापुद्रे आणि कुठल्याशा जुन्या वायसरचा अर्धा तुकडा बाहेर काढला. मागोमाग अर्धी बादली तांबडेलाल पाणी आले आणि मग स्वच्छ. मिक्सर पुन्हा बसविल्यावर दहा लिटर गरम पाण्याला सव्वा मिनिट लागले आणि शॉवरच्या थंड पाण्याला एक मिनिट वीस सेकंद. कड्या, वायसर आणि टेफ्लॉन टेप मिळून दोनशे रुपयेही लागले नाहीत. मामांनी चहाखेरीज काही घेतले नाही.

या कामात एक धोका आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. लेग स्वतः भिंतीतून काढण्याचा मोह टाळावा. भिंतीतील लोखंडी एल्बोचे आटे गंजलेले असतील तर जोर लावताच ते तुटतात, आणि मग टाइल्स फोडण्यावाचून खरोखरच गत्यंतर उरत नाही. मिक्सर उतरविणे घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. लेग काढणे अनुभवी हाताचे काम आहे.

भिंतच दोषी ठरली तर

तेही घडते. पाइपचा आतील व्यास निम्मा झाला तर पाणीही निम्मे होईल, असे वाटते. प्रत्यक्षात पाणी जाण्याची जागा एक चतुर्थांश उरते आणि घर्षण वाढते ते वेगळे. तेवढ्याच दाबाला प्रवाह एक पंचमांशाहूनही खाली येतो. अशा पाइपमध्ये अॅसिड सोडून तो ‘साफ’ करून देणारे भेटतात. त्यांना दारातूनच परत पाठवावे, कारण अनेक जागी तो गंजच गळती रोखून धरत असतो.

मात्र पाइप बदलणे म्हणजे भिंत फोडणे नव्हे. जुना पाइप दोन्ही टोकांनी बंद करून भिंतीतच राहू द्यावा आणि नवी लाइन इमारतीच्या डक्टमधून किंवा छताजवळून उघडी न्यावी. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीचा पाइप चालतो. साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. उघडी लाइन दिसायला बरी नसते, हे खरे. पण गळती झाली तर ती आपल्याला दिसते, खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर आधी दिसत नाही.

व्हॉल्व्ह तपासण्याचे राहून जाते. गच्चीवरच्या जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हमधील पडदा दांड्यापासून निखळून खाली पडतो. वरचे चाक फिरत राहते आणि व्हॉल्व्ह उघडला असा भास होतो. घरातील सर्वच नळ मंद असतील तर प्रथम याचा संशय घ्यावा. गरम पाणी सर्वत्र मंद असेल तर गीझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी असलेला सुरक्षा व्हॉल्व्ह क्षाराने भरला असण्याची शक्यता असते. तो तंत्रज्ञाकडून साफ करून किंवा बदलून घ्यावा. पाणी वाढावे म्हणून तो काढून टाकणारे महाभाग आहेत. टाकीतील वाढता दाब सोडणारी वाट त्यामुळे बंद होते. गॅस गीझर असेल तर पाणी कमी झाल्यावर तो पेटतच नाही, कारण पाण्याच्या किमान दाबाखेरीज त्याचा गॅस खुला होत नाही. अशा वेळी गीझर दुरुस्तीला नेण्याआधी शॉवरची चकती पाहावी.

राहता राहिला पंप. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर लावणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय त्या ओढीने जलवाहिनीतील दाब शून्याखाली गेला की फुटक्या जोडांतून आजूबाजूचे सांडपाणी आत खेचले जाते. गच्चीवरच्या टाकीनंतर दाब वाढविणारा पंप सोसायटीच्या परवानगीने बसविता येतो. पण पन्नास वर्षे अर्ध्या किलोवर जगलेले लोखंडी जोड दीड-दोन किलोचा दाब सोसतीलच असे नाही. आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने असा पंप बसविला. पाणी आले, आणि तिसऱ्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर ओलही आली.